व्हिएन्नात दोघांचा निवांत दिवस: आधी काय, नंतर काय आणि कुठे चुकतं

उन्हाळा लागला की आमच्या व्हिएन्नातल्या घरी पुण्या-नाशिकहून पाहुणे येऊ लागतात. बहुतेक जोडपीच. दहा-बारा दिवसांची युरोपवारी, त्यातला एखाद-दुसरा दिवस या शहराच्या वाट्याला आणि हातात लांबलचक यादी: श्योनब्रुन, बेल्वेदेर आणि होफबुर्ग हे राजवाडे, मोठं चर्च, प्राटरचा पाळणा, ऑपेरा, झाखरटोर्ट हा चॉकलेटचा केक, जमलं तर डॅन्यूबवर चक्कर. रात्री परत येतात तेव्हा दोघंही गप्प असतात. पाय सुजलेले, दुपारचं जेवण म्हणजे ट्राममध्ये खाल्लेली बिस्किटं, आणि दिवसभरात एकमेकांशी झालेलं बोलणं म्हणजे "आता कुठलं स्टेशन?"

इतकी जोडपी पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय. बहुतेक जण ठिकाणांप्रमाणे दिवस आखतात आणि जेवण, कॉफी, विश्रांती उरलेल्या फटींत कोंबतात. इथे हे उलटं करावं लागतं. आधी खाण्या-बसण्याच्या वेळा ठरवायच्या, मग त्यांच्या मधल्या वेळेत पाहायच्या गोष्टी बसवायच्या. इथली स्वयंपाकघरं ठरल्या वेळेला बंद होतात, स्वस्त जेवण फक्त दुपारी मिळतं आणि रिकामं संग्रहालय संध्याकाळी. एवढं लक्षात ठेवलं की क्रम आपोआप लागतो.

## १. आधी वार निवडा

हातात असेल तर गुरुवार घ्या. कुन्स्टहिस्टोरिशेस हे इथलं मोठं कलासंग्रहालय इतर दिवशी संध्याकाळी सहाला बंद होतं. गुरुवारी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं. त्यामुळे दुपार आडवं पडायला मोकळी सुटते. शिवाय कामाचा दिवस असल्याने खाणावळींत दुपारचा ठरलेला, स्वस्त जेवणाचा बेत असतो आणि दुकानं, बाजार सगळं चालू.

रविवार शक्यतो टाळा. दुकानं आणि सुपरमार्केटं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांतली थोडी सोडून. नाशमार्क्टचा बाजारही बंद. सोमवारी कुन्स्टहिस्टोरिशेस बंद असतं, फक्त जून ते ऑगस्ट ते रोज उघडतं. शनिवारी नाशमार्क्टशेजारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तो आवडत असेल तर जरूर जा, पण मग निवांतपणाची अपेक्षा ठेवू नका.

तपासा: मे-जूनमधले दोन ख्रिस्ती सण, येशूचं स्वर्गारोहण आणि फ्रोनलाइखनाम, दरवर्षी गुरुवारीच येतात आणि त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. म्हणजे सगळं चालू असेल म्हणून निवडलेला गुरुवार नेमका बंद निघू शकतो. कॅलेंडरवर एकदा नजर टाका.

ऋतूही पाहा. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, डिसेंबरमध्ये चारलाच अंधार पडतो. हिवाळ्यात बाहेरचं फिरणं दुपारी तीनच्या आत संपवायचं.

## २. यादी तीनवर आणा

एक चालत पाहायचा भाग, एक आतून पाहायची जागा, एक नीट बसून केलेलं रात्रीचं जेवण. दिवसभरात एवढंच. कॉफी आणि दुपारचं जेवण यांना मी ठिकाणं म्हणत नाही. ते या दिवसाचे खांब आहेत.

निवड अशी करा. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न दाखवता, आपापल्या तीन गोष्टी लिहायच्या. मग कागद शेजारी ठेवायचे. दोन्हीकडे जे असेल ते नक्की. उरलेल्यांतलं एक तिचं, एक त्याचं. हे पोरकट वाटेल, पण "मला तर काही पाहायचंच नव्हतं, तुझ्यासाठी आलो" हे वाक्य दुपारी तीन वाजता ऐकायचं नसेल तर आदल्या दिवशीची ही दहा मिनिटं फार कामाची आहेत.

श्योनब्रुनला राजवाडा, बाग आणि वरची टेकडी धरून अर्धा दिवस सहज जातो. त्याला वेगळा दिवस द्या, नाहीतर सोडा. चित्रकार क्लिम्टचं 'चुंबन' पाहायचंच असेल तर ते बेल्वेदेरच्या वरच्या राजवाड्यात आहे, तिथे आता चित्रसंग्रहालय आहे. मग कुन्स्टहिस्टोरिशेस गाळा. दोन चित्रसंग्रहालयं एका दिवसात केली की दुसऱ्यातलं काहीही आठवत नाही.

खालचा क्रम मी कुन्स्टहिस्टोरिशेस धरून लिहिलाय.

## ३. आदल्या दिवसांची तयारी

रात्रीच्या जेवणाचं टेबल चार-पाच दिवस आधी राखून ठेवा, साडेसातचं. संग्रहालयाचं तिकीट ऑनलाइन काढा. लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा या शहरात आलो तेव्हा टेबल राखलं नव्हतं. तीन ठिकाणी "जागा नाही" ऐकलं, चौथ्या ठिकाणी पोचलो तेव्हा दहा वाजले होते आणि स्वयंपाकघर बंद झालं होतं. त्या रात्री आम्ही मुक्कामावर केळी खाऊन झोपलो. इथे हॉटेल अकरापर्यंत उघडं दिसलं तरी चूल बऱ्याचदा साडेनऊ-दहाला विझते.

बाकी सामान साधं. पायात रुळलेले बूट घाला. जुन्या शहरात दगडी फरशी आहे, नवे बूट इथे पहिल्यांदा घालू नयेत. पाण्याची रिकामी बाटली घ्या. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं, ते थेट पिता येतं आणि रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. बाटलीबंद पाणी विकत घेणं म्हणजे पैसे फुकट. थोडी रोकड आणि सुटी नाणी ठेवा. कार्ड सर्रास चालतं, पण काही जुन्या कॅफेंत आणि सार्वजनिक स्वच्छतागृहांत नाणीच लागतात.

चार शब्द पाठ करा. आत शिरताना "ग्र्यूस गॉट" म्हणजे नमस्कार. "ओने फ्लाइश" म्हणजे मांसाशिवाय. "ओने श्पेक" म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे नकोत. "त्साहलेन, बिट्टे" म्हणजे बिल द्या.

## ४. तिकीट घ्या आणि शिक्का मारा

सगळ्यात महाग चूक इथे होते. मेट्रो स्थानकात आपल्याकडच्यासारखी फाटकं नाहीत, कुणी अडवत नाही. तिकीट घेतलं, खिशात ठेवलं आणि गाडीत बसलं असं होतं. पण कागदी तिकिटावर छापतानाच वेळ पडलेली नसेल, तर ते निळ्या पेटीत घालून शिक्का मारावा लागतो. मेट्रोत ही पेटी फलाटाकडे जायच्या वाटेवर असते, ट्राममध्ये आतच. शिक्का नसेल तर तिकीट असूनही तुम्ही विनातिकीट ठरता. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि दंड शंभर युरोहून जास्त.

या दिवसासाठी २४ तासांचं तिकीट घ्या, दोघांचं वेगवेगळं. शिक्का एकदाच, पहिल्या प्रवासाला. एकेरी तिकिटावर मध्ये उतरून कॉफी पिऊन पुन्हा चढता येत नाही.

तपासा: निघण्यापूर्वी दोघांच्याही तिकिटावर तारीख-वेळ उमटलीय ना? फोनवरचं तिकीट असेल तर ते सुरू झालंय ना?

## ५. सकाळी नऊ: चर्चपासून बागेपर्यंत पायी

मेट्रोने श्टेफान्सप्लात्सला उतरा. जिना चढून वर आलात की चर्च एकदम अंगावर येतं. नऊच्या आत-बाहेर पोचलात तर सहलींचे गट यायचे असतात. आधी बाहेरूनच एक फेरी मारा आणि रंगीत कौलांचं छप्पर पाहा, नागमोडी नक्षी दुरून जास्त चांगली कळते. मग आत जा. मागच्या भागापर्यंत तिकीट लागत नाही. प्रार्थना चालू असेल तर फिरायचं नाही, मागे शांत उभं राहायचं.

मनोरा चढायचा का? दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, अरुंद आणि गोल फिरणाऱ्या. मध्ये थांबायला जागा कमी. गुडघे कुरकुरत असतील तर उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे. दोघांपैकी एकालाच चढायचं असेल तर दुसऱ्याने खाली बाकावर बसावं. सगळं जोडीनेच केलं पाहिजे असं नाही.

तिथून ग्राबेनच्या रुंद रस्त्याने निघा. प्लेगचा स्तंभ मध्येच लागतो. उजव्या हाताच्या बोळात पेटर्सकिर्खे हे छोटं चर्च आहे, तिथे पाच मिनिटं बसा. पुढे डावीकडे कोलमार्क्ट, मग मिखाएलरप्लात्स, होफबुर्गच्या घुमटाखालून पलीकडे हेल्डनप्लात्सचं मोकळं मैदान, आणि शेवटी फोल्क्सगार्टेन ही गुलाबांची बाग. न थांबता हे अंतर अर्ध्या तासाचंही नाही. तुम्ही दीड तास घ्या. जूनमध्ये गुलाब भरात असतात. हिवाळ्यात गेलात तर प्रत्येक झाडाला गोणपाट गुंडाळून ठेवलेलं दिसेल, ओळीने उभी केलेली पोती जणू.

सावधान: श्टेफान्सप्लात्सच्या आसपास आणि ऑपेराजवळ केसांचे टोप आणि झुलीचे कोट घातलेली माणसं तुम्हाला गाठतात. ते संगीताच्या कार्यक्रमांची तिकिटं विकतात. ती सरकारी ऑपेराची नसतात. कार्यक्रम असतात, फसवणूक असेलच असं नाही, पण "ऑपेरा पाहिला" म्हणून कुणी ती घेऊ नयेत.

## ६. पावणेअकरा: कॅफेत बसणं

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त बिघडवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली चूक जागेची. सगळे एकाच प्रसिद्ध कॅफेच्या दारात रांग लावतात. रांगेत चाळीस मिनिटं उभं राहून आत गेलं की मागच्या रांगेकडे बघत घाईने कॉफी प्यावी लागते, मग बसण्याचा अर्थच जातो. जुनी, चांगली कॅफे या शहरात भरपूर आहेत. बागेतून पंधरा-वीस मिनिटं चालून गुम्पेनडोर्फर श्ट्रासेवरच्या कॅफे श्पेर्लला जा. १८८० सालचं आहे, उंच खिडक्या, झिजलेल्या गाद्या, मध्ये बिलियर्डची टेबलं. आणि पुढचा बाजारही तिथून जवळ.

दुसरी चूक मागण्याची. नुसतं "कॉफी" म्हटलं की वेटर विचारतो, कुठली? आपल्या जिभेला सगळ्यात जवळची 'मेलांज', म्हणजे कॉफीत गरम दूध आणि वर फेस. 'ब्राउनर' ही काळी कॉफी, सोबत थोडं दूध. 'फेरलेंगर्टर' म्हणजे पाणी घालून सौम्य केलेली. 'आइनश्पेनर' काचेच्या पेल्यात, वर भरपूर फेटलेली साय. चहा मागितलात तर गरम पाणी आणि पिशवी येईल. आपला उकळलेला चहा मनात धरून मागवू नका.

तिसरी चूक घाईची. कॉफी येते ती छोट्या लंबगोल धातूच्या तबकात. शेजारी पाण्याचा पेला, आणि पेल्यावर चमचा पालथा ठेवलेला. ते पाणी कॉफीचाच भाग आहे. एका मेलांजवर तुम्ही दीड तास बसलात तरी कुणी काही म्हणणार नाही. लाकडी दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रं ठेवलेली असतात, ती तासन्‌तास बसून वाचण्यासाठीच. बिल आणून ठेवत नाहीत याचा अर्थ दुर्लक्ष नाही. न मागता बिल आणणं म्हणजे उठायला सांगणं, असं इथे समजतात. माझ्या आत्येभावाने पहिल्यांदा पंधरा मिनिटांत तीनदा हात वर केला होता. वहिनी म्हणाल्या, "अहो, कुठे जायचंय आपल्याला?" ते हात खाली गेले आणि पुढचा तासभर दोघं लेकीच्या लग्नाबद्दल बोलत बसले. परत गेल्यावर त्यांनी सगळ्यांना याच तासाबद्दल सांगितलं.

इथे केक दोघांत एकच मागवा. पुढे जेवण आहे. आपफेलश्ट्रूडेल, म्हणजे सफरचंदाची पातळ पारीची गुंडाळी, दोघांना पुरते.

## ७. साडेबारा: दुपारचं जेवण

दोन रस्ते आहेत.

ठरलेलं जेवण. कामाच्या दिवशी बऱ्याच खाणावळींबाहेर फळ्यावर 'मिट्टाग्समेन्यू' लिहिलेलं असतं: सूप आणि एक मुख्य पदार्थ, ठरलेल्या किमतीत. साडेअकरा ते दोनच्या दरम्यानच मिळतं. संध्याकाळी त्याच जागी त्याच पदार्थाला जास्त पैसे पडतात. शाकाहारी पर्याय बहुधा एक असतोच. फक्त सूप सोडून द्यावं लागतं, त्याचं कारण दहाव्या टप्प्यात आहे.

बाजार. नाशमार्क्ट श्पेर्लपासून पाचेक मिनिटांवर आहे. फलाफल, हुमुस, ऑलिव्ह, चीज, सुका मेवा. शाकाहारी माणसाचं पोट इथे नक्की भरतं. बसून खायच्या जागाही आहेत.

सावधान: बाजारातले काही विक्रेते चव घ्यायला हातावर एक-दोन गोष्टी ठेवतात आणि तुम्ही मान हलवेपर्यंत डबा भरायला घेतात. भाव वजनावर असतो, चार चमच्यांत बराच आकडा होतो. आधी वजन सांगा. इथे 'डेका' हे माप चालतं, एक डेका म्हणजे १० ग्रॅम. "त्सेन डेका, बिट्टे" म्हणजे १०० ग्रॅम. एवढं म्हटलं की विक्रेत्याला कळतं, हे विचारून घेणारे आहेत.

## ८. दोन ते साडेचार: आडवे व्हा

मुक्काम जवळ असेल तर जाऊन झोपा. लांब असेल तर म्युझियम्सक्वार्टियर या संग्रहालयांच्या संकुलाच्या चौकात मोठे, रंगीत, कोच-वजा ओटे ठेवलेले असतात, दोघं आरामात पसरू शकता. पैसे पडत नाहीत. पाऊस किंवा थंडी असेल तर मुक्कामावरच परता.

हा टप्पा गाळून "तेवढ्यात श्योनब्रुन उरकून येऊ" असं म्हणणाऱ्यांची संध्याकाळ वाया गेलेली मी दरवेळी पाहिलीय.

तपासा: फोन चार्ज झाला? जेवणाच्या टेबलाचा निरोप आलाय? थंडी असेल तर रात्रीचं जॅकेट घेतलं?

## ९. पाच: संग्रहालय, पण दोन तासच

गुरुवारी पाचनंतर सहलींचे गट गेलेले असतात. पाठीवरची पिशवी आणि जाड कोट सामानघरात ठेवा. हातात काही नको.

क्रम असा ठेवा. आधी मोठा जिना. वर जाताना समोर शिल्पकार कानोव्हाने घडवलेला, थेसियस या ग्रीक वीराचा संगमरवरी पुतळा. जिना संपला की मान वर करून खांबांच्या वरच्या कमानींतली चित्रं पाहा. त्यांतली काही तरुण क्लिम्टने रंगवलीत. तिथून पहिल्या मजल्यावरचं चित्रदालन. तळमजल्यावरचे इजिप्तचे विभाग आज सोडा. सुरुवात तिथून केली की चित्रांपर्यंत पोचेतो पाय संपतात. ही इथली नेहमीची चूक आहे.

चित्रदालनात सरळ दहाव्या दालनात जा. पीटर ब्रूगेल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराची इतकी चित्रं एका ठिकाणी जगात दुसरीकडे नाहीत. मध्ये बसायला जागा आहे. सगळी चित्रं पाहू नका. दोघांनी एकेक निवडा आणि समोर बसा.

माझी बायको 'शेतकऱ्याच्या लग्ना'पुढे वीस मिनिटं बसली होती. कोठारातली पंगत आहे ती. बिजागरीतून काढलेलं दारच ताटासारखं धरून दोन जण वाडगे आणताहेत. टेबलाच्या कडेचा माणूस वळून एकेक वाडगा उचलून पुढे देतोय. डावीकडे एक जण सुरया भरतोय. वाजंत्रीवाला वाजवायचं थांबून वाढप्याकडे बघतोय. खाली जमिनीवर मोराचं पीस खोचलेली मोठी टोपी घातलेलं पोर बोटं चाटतंय. आणि मागे हिरव्या कापडापुढे नवरी, डोळे खाली, हात जुळवून, अगदी गप्प. बायको म्हणाली, "नवरीला कुणी विचारलेलं दिसत नाही, जेवलीस का म्हणून." मग आम्ही नवरा कुठे बसलाय ते शोधत राहिलो. तो नक्की कोण, हे चित्रात स्पष्ट होतच नाही. शोधून पाहा.

'बर्फातले शिकारी' त्याच दालनात आहे, १५६५ सालचं. आधी जवळून कुत्र्यांच्या शेपट्या पाहा, मग पाच पावलं मागे या आणि खालच्या गोठलेल्या तळ्यावरची मुंगीएवढी माणसं पाहा.

त्यानंतर डच चित्रकार व्हर्मेरचं एक चित्र शोधायचं आणि निघायचं. सात वाजता बाहेर.

## १०. साडेसात: रात्रीचं जेवण

संग्रहालयामागे दहा मिनिटांवर श्पिटलबेर्गच्या अरुंद गल्ल्या आहेत. तिथे किंवा आसपास 'बाइझ्ल' शोधा, म्हणजे लाकडी भिंतींची, वस्तीतली साधी खाणावळ. पर्यटकांच्या मुख्य चौकातली, दाराशी फोटोंचा फलक लावलेली जागा टाळा.

आता मराठी माणसांची इथे होणारी खरी अडचण. नावावरून पदार्थ कळत नाही.

- गाय-बैल न खाणाऱ्यांसाठी: 'वीनर श्निट्झेल' हे नाव नुसतं लिहिलं असेल तर ते वासराचं मांस असतं. 'फोम श्वाइन' म्हणजे डुकराचं. 'टाफेलश्पिट्स' आणि गुलाश बैलाच्या मांसाचे. तुम्हाला हवं असेल 'बाकहेंडल', म्हणजे कुरकुरीत तळलेली कोंबडी, किंवा 'त्सांडर' अथवा 'फोरेले' हे गोड्या पाण्यातले मासे.
- शाकाहाऱ्यांसाठी: साफ दिसणारी सुपं बहुधा बैलाच्या हाडामांसाच्या रश्शावर केलेली असतात, आत फक्त धिरड्याच्या पट्ट्या दिसल्या तरी. इथल्या बटाट्याच्या सॅलडमध्येही बऱ्याचदा तोच रस्सा घालतात. 'केझेक्राइनर' नावात चीज असलं तरी तो डुकराच्या मांसाचा सॉसेज आहे, आत चीजचे तुकडे घातलेला. माझ्या आत्येभावाने रस्त्यावरच्या टपरीवर तो चीज समजून घेतला होता. पहिल्या घासालाच कळलं आणि मग त्याला रात्रभर बरं वाटेना. विचारल्याशिवाय काही घेऊ नका.

काय मागवावं? 'केझेश्पेट्झले' म्हणजे चीजमध्ये घोळलेले छोटे पिठाचे गोळे, वर तळलेला कांदा. "ओने श्पेक" जरूर म्हणा. 'श्पिनाटक्न्योडेल' म्हणजे पालक घातलेले पावाचे मोठे गोळे, वर लोणी. तळलेलं चीज किंवा तळलेली अळंबी. एप्रिल ते जून पांढऱ्या शतावरीचे कोंब मिळतात, उन्हाळ्यात पिवळी रानअळंबी. हंगामाचं पान वेगळं असतं, ते आधी पाहा.

अंडं न खाणाऱ्यांनी मेन्यूवरची अक्षरं वाचायला शिकावं. प्रत्येक पदार्थापुढे बारीक अक्षरं असतात, ॲलर्जीच्या खुणा म्हणून. 'सी' म्हणजे अंडं, 'जी' म्हणजे दूध, 'डी' म्हणजे मासे. मांसाची खूण मात्र त्यांत नसते, ते विचारावंच लागतं. वर सांगितलेल्या पिठाच्या आणि पावाच्या गोळ्यांत बहुतेक वेळा अंडं असतं.

शेवटी 'कायझरश्मार्न' एकच मागवा, दोघांत. गुबगुबीत गोड धिरड्याचे तुकडे, वर पिठीसाखर, बाजूला आलुबुखारांचा शिजवलेला आंबटगोड गर. ताजं करतात, वीसेक मिनिटं लागतात, म्हणून मुख्य जेवण संपत आल्यावरच सांगून ठेवा.

पाणी हवं असेल तर "लाइटुंग्सवासर" म्हणा, म्हणजे नळाचं पाणी. नुसतं "वासर" म्हटलं की बाटली येते. काही ठिकाणी नळाच्या पाण्याचेही थोडे पैसे लावतात, त्यात फसवणूक नाही.

## ११. बिल देणं

"त्साहलेन, बिट्टे" म्हटलं की वेटर टेबलाशी येतो आणि विचारतो, एकत्र की वेगळं? "त्सुझामेन" म्हणजे एकत्र. बक्षिशी साधारण पाच ते दहा टक्के, आणि ती टेबलावर ठेवून जायची नसते. पैसे देतानाच एकूण आकडा सांगायचा. बिल ४६ युरो ४० सेंट असेल तर "५०" म्हणायचं. कार्ड असेल तर यंत्रावर आकडा टाकायच्या आधी सांगायचं, नंतर सांगून उपयोग नाही.

तपासा: पाव टेबलावर ठेवला होता आणि तुम्ही खाल्ला, तर तो बिलात असू शकतो. नको असेल तर हात लावू नका.

## ऑपेरा हवाच असेल तर

मग हा क्रम चालणार नाही. संग्रहालय सकाळी दहाला करा, चालणं दुपारी, जेवण साडेपाचला हलकं. जुलै-ऑगस्टमध्ये सरकारी ऑपेराचा हंगाम बंद असतो, हे आधी पाहा. बसायचं तिकीट महाग वाटलं तर उभ्याची तिकिटं फार थोड्या पैशांत मिळतात. ती प्रयोगाच्या दिवशीच विकायला काढतात, विक्रीची वेळ ऑपेराच्या संकेतस्थळावर पाहा. आत गेल्यावर आपल्या जागेच्या दांडीला रुमाल किंवा ओढणी बांधायची, म्हणजे जागा राखली गेली. मग मध्ये फिरून येता येतं. समोर छोट्या पडद्यावर बोलांचा अनुवाद दिसतो. अर्धी चड्डी घालून जाऊ नका. आणि एक अंक पाहून पाय दुखले तर मध्यंतरात निघा.

## १२. साडेनऊ: ट्रामने परत

जेवून मेट्रोत शिरू नका. रिंग या जुन्या शहराभोवतीच्या रुंद रस्त्यावर फोल्क्सथेआटरजवळच्या थांब्यावर या आणि १ नंबरच्या ट्रामने श्वेडनप्लात्सच्या दिशेला निघा. डाव्या खिडकीशी बसा. पार्लमेंट आणि मग उजळलेलं राटहाउस, म्हणजे नगरभवन, त्याच बाजूला येतात, बुर्गथेआटर हे नाट्यगृह उजवीकडे. पुढे विद्यापीठ, मग डॅन्यूबच्या कालव्याकाठचा रस्ता. रुळांचं काम चालू असलं की मार्ग बदलतात, थांब्यावरचा फलक वाचून घ्या.

सावधान: मेट्रो रात्रभर फक्त शुक्रवारी, शनिवारी आणि सुट्टीच्या आदल्या रात्री चालते. गुरुवारी शेवटच्या गाड्या साडेबाराच्या सुमाराच्या.

श्वेडनप्लात्सला यू१ आणि यू४ दोन्ही मेट्रो मिळतात. उन्हाळा असेल तर तिथे आइस्क्रीमचं दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, रांग दिसते पण भराभर सरकते. एकच कप घ्या, चमचे दोन मागा, आणि कालव्याच्या कठड्याशी उभं राहून तो संपेपर्यंत पुढची गाडी जाऊ द्या.